जहाजाच्या मॉडेलखालचं पाणी: १/७०० स्केलचा समुद्र कसा करायचा

मांडव्याच्या लाँचमध्ये मी कायम मागच्या कठड्याजवळची जागा पकडते. बाकी लोक सीगलना खायला टाकत असतात, मी खाली पाण्याकडे बघत बसते. माहेर अलिबागचं असल्यामुळे हे लहानपणापासून चालू आहे, पण जहाजांची मॉडेल्स करायला लागल्यापासून त्या बघण्याला अर्थ आला. प्रोपेलरच्या मागे जो पांढरा पट्टा राहतो तो खरं म्हणजे पांढरा कमी आणि फिकट हिरवटच जास्त असतो, त्याच्या मधल्या भागात पाणी आजूबाजूपेक्षा सपाट दिसतं, आणि दोन्ही बाजूंना निघणाऱ्या लाटा एका सरळ रेषेत नसतात, छोट्या छोट्या तिरक्या तुकड्यांच्या असतात. हे एकदा नीट बघितलं की मग कुठलाही डायोरामा (मॉडेलभोवती उभारलेला छोटा देखावा) बघताना पटकन कळतं की करणाऱ्याने पाणी बघून केलंय की नुसता निळा रंग मारून वर जेल (वाळल्यावर पारदर्शक होणारी घट्ट अॅक्रिलिक पेस्ट) फासलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की सामान काय घ्यायचं हा प्रश्न नंतरचा, आधी जहाजाचा वेग किती आणि वारा किती, कुठून, हे कागदावर लिहून काढा. पाण्यावर जे जे दिसतं ते या दोन गोष्टींमधूनच येतं. महागातली रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पारदर्शक द्रव) आणून चुकीच्या लाटा केल्या तर फायदा शून्य, आणि टिश्यू पेपर-फेविकॉलवर बरोबर लाटा केल्या तर लोक बोट लावून बघतात.

उदाहरणासाठी मी एकच जहाज घेते म्हणजे आकडे पक्के राहतील. जपानी नौदलाची कागेरो वर्गातली विनाशिका, १/७०० स्केल, म्हणजे खऱ्या जहाजाच्या सातशेव्या भागाएवढी. या स्केलला एवढी जहाजं मिळतात त्याचं कारण म्हणजे १९७१ मध्ये शिझुओकाच्या तामिया, आओशिमा, हासेगावा आणि फुजिमी या चार कंपन्यांनी मिळून वॉटरलाइन सिरीज काढली, पाण्याच्या रेषेखालचा भागच नाही असे किट, म्हणजे समुद्रात ठेवायलाच बनवलेले. कागेरोची खरी लांबी ११८.५ मीटर, रुंदी १०.८ मीटर, वेग ३५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). १/७०० मध्ये लांबी १६९ मिमी आणि रुंदी जेमतेम १५ मिमी. या वर्गातली १९ जहाजं होती आणि महायुद्धातून फक्त युकिकाझे वाचली, म्हणून मला तीच करायला आवडते.

आधी आकडेमोड, घाबरू नका, सोपी आहे

जहाज चाललं की ते स्वतःच्या लाटा तयार करतं आणि त्या लाटांची लांबी (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत) फक्त वेगावर ठरते, जहाज केवढं आहे यावर नाही. हिशोब असा की नॉटमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि ०.१७ ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. १२ नॉटला साधारण २४ मीटर, १८ नॉटला ५५ मीटर, २६ नॉटला ११५ मीटर. १/७०० मध्ये आणायला मीटरला १.४३ ने गुणा, मिलिमीटर मिळतात. म्हणजे १८ नॉटला ७८ मिमी, २६ नॉटला १६४ मिमी.

आता गंमत बघा. २६ नॉटची लाट जवळजवळ जहाजाच्या लांबीएवढी झाली, म्हणजे नाळेशी (जहाजाच्या पुढच्या टोकाशी) एक उंचवटा, मध्यावर पाणी खाली बसलेलं आणि परत पिछाडीशी दुसरा उंचवटा. १८ नॉटला तेच जहाज असेल तर हलच्या (जहाजाच्या मुख्य धडाच्या) बाजूने दोन पूर्ण लाटा बसतात. जुन्या विनाशिकांचे वेगात धावतानाचे कृष्णधवल फोटो काढून बघा, मधल्या भागात पाण्याची रेष खाली गेलेली स्पष्ट दिसते. मॉडेलमध्ये मात्र बहुतेक लोक पाणी नाळेपासून पिछाडीपर्यंत पट्टीने आखल्यासारखं सरळ लावतात आणि मग जहाज धावतंय असं वाटतच नाही, नांगर टाकून उभं वाटतं. नाळेशी फेस म्हणून कितीही कापूस लावला तरी.

दुसरा आकडा व्ही आकाराचा. लॉर्ड केल्विनने १८८७ मध्ये दाखवलं की खोल पाण्यात जहाजामागचा हा व्ही प्रत्येक बाजूला साधारण १९.५ अंशाचा असतो, मग होडी असो की युद्धनौका. कोनमापक नसेल तर असं करा, नाळेपासून १०० मिमी मागे जा आणि मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३५ मिमीवर टिंब द्या, ती टिंबं नाळेशी जोडली की झाला व्ही. या रेषेवर अखंड लाट काढायची नाही. तिच्यावर छोटे छोटे तिरके तुकडे एकामागे एक शिडीसारखे बसतात आणि प्रत्येक तुकडा जहाजाच्या दिशेशी साधारण ५५ अंशात वळलेला असतो. अगदी सुसाट, ३५ नॉटला पळणारी विनाशिका दाखवायची असेल तर व्ही डोळ्याला यापेक्षा अरुंद दिसतो, पण पहिल्या वेळेला तिकडे जाऊ नका, २०-२६ नॉटच घ्या.

तिसरा आकडा वाऱ्याचा. वाऱ्याचा जोर नंबरांत मांडणारा ब्यूफोर्टचा तक्ता असतो, मॉडेलवाल्यांसाठी तो सोन्यासारखा आहे कारण त्यात समुद्र दिसतो कसा हेच लिहिलंय. ३ नंबरला लाटा जेमतेम ६० सेंमीच्या आणि पांढरे ठिपके कुठेकुठे, ४ ला साधारण १ मीटर आणि ठिपके बऱ्यापैकी, ५ ला २ मीटर आणि जिकडेतिकडे पांढरं, ६ ला ३ मीटर, आणि ७ पासून फेस वाऱ्याच्या दिशेने रेघांसारखा ओढला जायला लागतो. १/७०० मध्ये २ मीटरची लाट किती? ३ मिमीपेक्षाही कमी. हे ऐकून नवीन लोकांचा विश्वासच बसत नाही, कारण त्यांनी हाताने सहज १० मिमीच्या लाटा केलेल्या असतात, म्हणजे प्रत्यक्षात ७ मीटर, म्हणजे तुफान, आणि वर जहाज मात्र शांतपणे सरळ उभं.

लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या भागापेक्षा जास्त झाली की ती फुटते, त्यामुळे ३ मिमी उंच लाटेला कमीत कमी २१ मिमी लांबी हवीच, आणि एरवी तर ती ५०-६० मिमी असली तरच नैसर्गिक वाटते. लांब, पसरट, बुटकी. हे वाक्य मी माझ्या कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

तर आपला सीन ठरला: २६ नॉट, वारा ५ नंबर, नाळेच्या डाव्या बाजूने तिरका येणारा.

बेस

बेसचं माप मी ३०० बाय १५० मिमी घेते. जहाज बेसच्या कडेला समांतर अजिबात ठेवायचं नाही, १०-१५ अंश तिरकं ठेवा आणि नाळेपुढे ४० मिमी, मागे ८०-९० मिमी जागा सोडा कारण मागचा पट्टा दिसायला जागा लागते. लाकडी फ्रेम किंवा १२ मिमीचा एमडीएफ, त्यावर एक्सपीएसची १० मिमी शीट फेविकॉलने चिकटवायची आणि रात्रभर वजन ठेवायचं. एक्सपीएस म्हणजे गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात तो निळा किंवा गुलाबी घट्ट फोम, आर्टच्या दुकानात तुकडे मिळतात नाहीतर इन्सुलेशनवाल्याकडे अख्खी शीट. साधा थर्माकोल घेऊ नका, त्याचे दाणे सुटतात आणि ब्लेडने स्वच्छ कापला जात नाही. आणि दोन्हीवर स्प्रे पेंट डायरेक्ट मारायचा नाही, स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम खाऊन टाकतं.

जहाजाचा हल शीटवर ठेवून पेन्सिलने आउटलाइन काढा आणि तळाची प्लेट जेवढी जाड तेवढीच खाच पाडा, जास्त नाही. वेगात असलेल्या विनाशिकेची पिछाडी थोडी बसते आणि नाळ थोडी उचलली जाते, म्हणून खाचेत नाळेखाली १ मिमी प्लॅस्टिकची पट्टी ठेवली तरी पुरे. जहाज वळताना दाखवायचं असेल तर लक्षात ठेवा, ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतं, मोटरसायकलसारखं आत नाही. हे उलटं केलेलं मी प्रदर्शनात सुद्धा बघितलंय आणि फार वाईट वाटतं कारण बाकीचं काम सुंदर असतं.

मग शीटवर सगळं आखून घ्या: व्ही, मधला पट्टा, जहाजाच्या उंचवट्यांच्या जागा, आणि वाऱ्याच्या लाटांच्या रेषा. वाऱ्याच्या लाटा वाऱ्याला आडव्या असतात पण पट्टीने मारल्यासारख्या समांतर नाही, थोड्या वाकड्या, मध्येच तुटणाऱ्या, एकमेकींत घुसणाऱ्या. आता गोल चमच्याच्या पाठीने फोम दाबत दाबत खळगे करायचे. कापायचं नाही, दाबायचं. खळगे केले की मधे उंचवटे आपोआप राहतात आणि ते पसरट राहतात, हीच आपल्याला हवी ती गोष्ट. वाऱ्याच्या बाजूचा उतार लांब आणि पलीकडचा जरा उभा ठेवा.

टिश्यू आणि फेविकॉल

फोमवर रंग दिला तर फोमच दिसतो, म्हणून वर कातडी हवी. टॉयलेट रोलचा साधा, नक्षी नसलेला टिश्यू घ्या, त्याचे पदर सुटे करा. पांढरा फेविकॉल आणि पाणी अर्धं अर्धं. ब्रशने फोमवर लावा, टिश्यूचा एक पदर ठेवा, वरून परत तेच मिश्रण ओल्या ब्रशने ठोकत ठोकत बसवा. ओढू नका, फाटतो. सुरकुत्या पडतात त्या पडू द्या पण त्यांची दिशा सांभाळा, वाऱ्याला आडव्या सुरकुत्या म्हणजे बारीक लाटा, फुकटात मिळालेल्या. जहाजाच्या मागच्या पट्ट्यात मात्र सुरकुत्या बोटाने सपाट करून टाका, कारण प्रोपेलरने ढवळलेल्या पाण्यात बारीक लाटा मरतात आणि तिथे पाणी गुळगुळीत, थोडं भोवऱ्यांसारखं दिसतं.

हे २४ तास वाळू द्या. पावसाळ्यात ठाण्याला आमच्याकडे तीन दिवस लागतात आणि घाई केली तर आत ओल राहते आणि नंतर वार्निशखाली पांढरे ढग उमटतात, माझा एक पूर्ण बेस यात गेलाय. पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर लांबूनच मारा कारण एक्सपीएस गरमीने आक्रसतो.

शांत समुद्र हवा असेल, म्हणजे २-३ नंबरचा वारा, तर यातलं काहीच करू नका, ३०० जीएसएमचा खडबडीत वॉटरकलर पेपर घेऊन बेसवर चिकटवा, त्याचं टेक्स्चरच १/७०० ला समुद्रासारखं दिसतं. अर्ध्या तासाचं काम. पहिल्या डायोरामासाठी मी हेच सुचवीन.

वॉल पुट्टीने लाटा करणारे खूप जण आहेत, मी नाही करत, वजन वाढतं आणि वर्षभरात तडे जातात. अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून लावायची पद्धत १/३५० ला बरी वाटते, १/७०० ला तिच्या घड्या फार टोकदार दिसतात.

रंग

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि कारण एकच, लोकांच्या डोक्यात समुद्र म्हणजे निळा. मांडव्याच्या लाँचमधून बघा, गेटवेजवळ पाणी चहाच्या रंगाकडे झुकलेलं राखाडी हिरवं, कारण गाळ. मांडव्याकडे जरा हिरवं. मालवणला ऑक्टोबरनंतर स्वच्छ हिरवट निळं. आणि खोल समुद्रात, जिथे आपली विनाशिका आहे, तिथे गडद निळा, जवळजवळ काळपट. शिवाय आकाश ढगाळ असलं की हेच पाणी शिशासारखं राखाडी होतं. म्हणजे जागा कुठली आणि आकाश कसं, हे ठरवल्याशिवाय ट्यूब उघडूच नका.

पॅसिफिकसाठी माझं मिश्रण: थॅलो ब्लू तीन भाग, थॅलो ग्रीन अर्धा भाग, बर्न्ट अंबर एक भाग, आणि काळ्याचा ठिपका. अंबर घालायला विसरू नका, थॅलो ब्लू एकटा फार भडक असतो, स्विमिंग पूल दिसतो. उत्तर अटलांटिकसाठी निळा कमी करून पेन्स ग्रे आणि हिरवा वाढवा. मुंबई बंदरासाठी रॉ अंबर आणि ऑलिव्ह ग्रीन मुख्य, निळा जवळजवळ नाहीच, आणि थोडा पांढरा.

पहिला हात पूर्ण गडद. तो वाळला की त्याच रंगात थोडा हिरवा आणि अगदी थोडा पांढरा घालून लाटांच्या माथ्याजवळ, जो उतार उजेडाकडे आहे तिथे पातळ हात. लाटेचा वरचा भाग पातळ असतो, त्यातून उजेड आरपार येतो, म्हणून तो हिरवट दिसतो. खळग्यांमध्ये गडद रंगाचं पाण्यासारखं पातळ वॉश सोडा. सीमारेषा ओल्या ब्रशने पुसून मऊ करा, कुठेही कडक रेघ राहायला नको.

आता खरी महत्त्वाची पायरी, जी गाळली जाते. फेसाच्या आधी फेसाच्या खालचा रंग. जिथे पाण्यात हवा मिसळते तिथे पाणी फिकट, दुधाळ फिरोजी होतं: नाळेच्या दोन्ही बाजूंना, हलला लागून एक अरुंद पट्टी, आणि पिछाडीमागे पूर्ण पट्टा. थॅलो ग्रीन, चिमूटभर निळा आणि बराच पांढरा असं मिश्रण स्पंजने टेकवत लावा, एअरब्रश असेल तर उत्तमच. पट्टा पिछाडीशी जहाजाएवढा रुंद, म्हणजे १५ मिमीच्या आसपास, मग मागे हळूहळू पसरत आणि विरत जाणारा. हा रंग नीट बसला की वरचा पांढरा फेस थोडासाच लागतो. हा नसेल तर पांढरा रंग निळ्यावर सांडल्यासारखा दिसतो, किती पण कौशल्याने लावा.

चकाकी

रंग पूर्ण वाळल्यावर अॅक्रिलिक ग्लॉस मीडियम (रंग नसलेलं, चकचकीत वाळणारं अॅक्रिलिक) किंवा ग्लॉस वार्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक हातामध्ये निदान दोन-तीन तास. एकदम जाड हात दिला तर तो खळग्यांत साचतो आणि दुधी राहतो. ब्रश मऊ आणि रुंद घ्या, बुडबुडे आले तर फुंकर घालून फोडा. वरचा शेवटचा हात म्हणून फेविकॉल वापरू नका, दमट हवेत तो मऊ आणि पांढुरका पडतो, कोकणात तर नक्कीच. फर्निचरचं तेलाचं वार्निश पण नको, ते पिवळं पडतं आणि निळ्यावर पिवळं म्हणजे समुद्र हिरवा.

खूप जण विचारतात की मग रेझिन कुठे? खोल समुद्राला रेझिन लागतच नाही. मोकळ्या समुद्रात एवढ्या उंचीवरून तळ दिसत नाही, पाण्याच्या आतलं काही दिसत नाही, दिसतो तो पृष्ठभाग आणि त्यावरची चमक. अपारदर्शक रंग आणि वर चकाकी हेच तिथे खरं आहे. रेझिन कुठे हवी ते पुढे सांगते.

जहाज बसवणं आणि नाळेचं पाणी

जहाज आधी पूर्ण रंगवून, वेदरिंग (गंज, मळ, झीज दाखवणं) करून ठेवा, पण नाजूक रेलिंग आणि दोऱ्या शक्य असल्यास नंतर लावा कारण इथे हात फार वेळा लागतो. हलला क्लिंग फिल्म गुंडाळा, घट्ट. खाचेभोवती हेवी जेल मीडियमची कड लावा, जहाज त्यात दाबून बसवा, ते २६ नॉटचे उंचवटे आणि मधला खळगा जेलमध्ये टूथपिकने घडवा, आणि जेल अर्धवट वाळलं की जहाज उचलून काढा, फिल्म सोलून टाका. आता तुमच्याकडे जहाजाच्या मापाचा साचा आहे, तो निवांतपणे रंगवता येतो, हलवर निळा डाग न पडता. शेवटी जहाज चिकटवून जी केसाएवढी फट राहते ती ग्लॉस जेलने भरून टाका. ही फट राहिली की जहाज पाण्यावर ठेवलेलं दिसतं, पाण्यात असलेलं दिसत नाही.

नाळेची लाट हा डायोरामाचा चेहरा आहे, इथे वेळ द्या. उशीत भरतात तो रेक्रॉनचा कापूस घ्या, दवाखान्यातला नको, त्याचे तंतू जाड आणि गुठळी होणारे असतात. अगदी थोडा, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा चिमटीत धरून ताणायचा, तो जाळीसारखा झाला की ग्लॉस जेलमध्ये बुडवून नाळेच्या टोकापासून थोडा मागे लावायचा. टोकावर नाही. विनाशिकेची नाळ सुरीसारखी पाणी कापते, पाणी आधी हलला चिकटून वर चढतं आणि मग बाहेर वळून पडतं. तो वळण्याचा आकार टूथपिकने करा, सुतळीच्या पिळासारखा, मागे जाताना बारीक होत जाणारा. उंची? २६ नॉटला ३-४ मिमी खूप झाली, त्याच्या फार वर गेलात तर नाळेचं डेकच बुडायला लागेल.

हे वाळलं की जेल पारदर्शक होतं आणि तंतू दिसेनासे होतात, मग कोरड्या ब्रशने फक्त वरच्या कडांना टायटॅनियम व्हाइट. शुद्ध पांढरा फक्त सगळ्यात उंच टोकांना, बाकी पांढऱ्यात अगदी किंचित त्या फिरोजी रंगाचा ठिपका मिसळा. हलच्या बाजूने फेस लेससारखा असतो, मधे मधे भोकं असलेला. तो करायला जुना, केस फिसकटलेला ब्रश घेऊन उभा ठोका, किंवा स्पंजचा तुकडा फाडून त्याच्या फाटक्या कडेने टेकवा. व्हॅलेहो या मॉडेल-रंगांच्या कंपनीची फेसासाठीची तयार पेस्ट मिळते, चांगली आहे, पण भारतात महाग पडते आणि हेवी जेलमध्ये पांढरा अॅक्रिलिक मिसळला तरी काम भागतं. जेलमध्ये खायचा सोडा घालायची युक्ती मी एकदा वापरली, सुरुवातीला फार सुंदर दिसलं आणि दोन-तीन वर्षांत पिवळं पडलं, आता हात लावत नाही.

मागच्या पट्ट्यात कागेरोला दोन प्रोपेलर आहेत हे विसरू नका, पिछाडीला लागून दोन वेगळे उकळणारे उंचवटे, ३०-४० मिमीनंतर एकत्र झालेले. पट्ट्याच्या कडा मधल्यापेक्षा जास्त पांढऱ्या. त्यानंतर लाटांच्या माथ्यावरचे सुटे पांढरे, ५ नंबरला पुष्कळ, पण सारख्या अंतरावर नाही: दोन-तीनचा पुंजका, मग मोकळी जागा, मग एकटा. प्रत्येकाची पांढरी कड वाऱ्याच्या पुढच्या बाजूला आणि मागे फिकट फेसाचा ओरखडा. इथे हात थांबत नाही माणसाचा, म्हणून मी घड्याळ लावते आणि वीस मिनिटांनी उठते, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघून मगच पुढचं. धूर, झेंडा आणि उडणारे तुषार सगळे एकाच वाऱ्याचं ऐकतात का हेही तेव्हाच तपासा. झेंड्याला वारा आणि जहाजाचा वेग दोन्ही लागतात, २६ नॉटला तो जवळजवळ सरळ मागेच जातो.

रेझिन कधी आणि कशी

धक्क्याला लागलेली होडी, उथळ खाडी, प्रवाळावरचं पाणी, जिथे तळ दिसायला हवा तिथे एपॉक्सी रेझिन. एखादा कोळी मचवा १/७२ ला धक्क्याशी दाखवायचा असेल तर मजा येते. आधी तळ पूर्ण रंगवून, फोम आणि प्लास्टर अॅक्रिलिक मीडियमने दोनदा सील करा, नाहीतर आतली हवा बुडबुड्यांच्या रांगा करून वर येते. कडेला ओएचपी शीट किंवा अॅक्रिलिकच्या पट्ट्यांचा बांध, आतून पारदर्शक सेलोटेप, सांध्यांना सिलिकॉन. बांध गळतो का ते पाणी घालून तपासू नका, ओल राहते, नीट डोळ्याने आणि टॉर्चने बघा.

मिश्रण डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात, आणि ते वजनाने आहे की मापाने हे आधी वाचा, २:१ आणि ३:१ दोन्ही प्रकार मिळतात. दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा घ्या. चार-पाच मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून परत ढवळा, चिकट राहण्याचं कारण बहुतेक वेळा कडेचं न मिसळलेलं मिश्रणच असतं. एका वेळी ३ ते ५ मिमीचाच थर. जाड थर तापतो, आणि मॉडेलचं प्लॅस्टिक पॉलिस्टायरीन असतं, ते त्या उष्णतेने वाकतं. गढूळ पाणी हवं असेल तर रेझिनचं पिगमेंट टूथपिकच्या टोकावर, एवढंच, पाण्याचे अॅक्रिलिक रंग त्यात नका घालू.

रेझिन हलवर आणि खांबांवर वर चढते, ती कड नंतर मॅट वार्निशने मारा, आणि वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहतो म्हणून वाळल्यावर त्यावर ग्लॉस जेल पातळ पसरवून ब्रशने ठोकून बारीक लाटा करायच्याच. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज, खिडक्या उघड्या, ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क, आणि मुलं खोलीत नकोत, एपॉक्सीची अॅलर्जी एकदा लागली की सुटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मी रेझिन ओततच नाही, दमट हवेत वर तेलकट, धुरकट थर येतो. आलाच तर पूर्ण कडक झाल्यावर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून निघतो बहुतेक वेळा.

शेवटचं थोडंसं

बेसच्या बाजू काळ्या मॅट रंगाने एकसारख्या रंगवा, समुद्राची कड स्वच्छ कापलेली दिसली पाहिजे. फोटो काढताना मोबाइल पाण्याच्या पातळीवर आणा आणि दिवा एकच, बाजूने, लाटांना आडवा, म्हणजे तीन मिलिमीटरची लाट पण सावली टाकते. समोरून फ्लॅश मारलात तर सगळा समुद्र सपाट.

आणि अॅक्रिलिकची पेटी करून घ्याच, पाण्यावरची धूळ जहाजावरच्या धुळीपेक्षा जास्त दिसते. ग्लॉस मीडियम उन्हाळ्यात किंचित चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं, म्हणून पेटी नसेल तर आठवड्याला मेकअपच्या मऊ ब्रशने झटका, ओलं फडकं फिरवू नका, आणि मॉडेलवर काही गुंडाळून ठेवायची वेळ आलीच तर प्लॅस्टिक पाण्याला टेकू देऊ नका, उचलताना चकाकीचा पापुद्रा बरोबर निघून येतो.